एक पिल्लू कमी

पहिल्याच जेवणाला त्यांनी माझ्या पोळ्या मोजल्या. तेही मोठ्याने.

"ही तिसरी," काका म्हणाले. माझा हात भाजीत तसाच राहिला. सांगलीहून निघून, दोन विमानं बदलून, मिनेसोटात ईडन प्रेरीतल्या त्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायला आले होते. आदल्या दिवसापासून धड जेवले नव्हते. आणि हा घरमालक माझ्या ताटात डोकावून पोळ्या मोजतोय! काकूंनी ओट्यापाशी डोळे वटारले. "अहो, जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजतं का कुणी? दृष्ट लागते पोरीला."

"लागू दे ना. तेच तर पाहून राहिलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घे बाई, चौथी घे. उद्या पोट दुखलं तर मले सांग. आजवर कोणी सांगितलं नाही."

चौथी कसली घेते, तिसरीच घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं खरं, पण ते भुकेने. ते कुणाला सांगणार?

काका मूळचे नागपूरचे, आणि चिडले किंवा खुशीत आले की त्यांच्या तोंडून नागपूर बाहेर पडायचं. आयुष्य पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत गेलं, तिथूनच रिटायर झाले. 'मोजलं ते आहे, बाकी गप्पा' हे त्यांचं वाक्य. ते ऐकलं नाही असा मराठी माणूस आमच्या भागात नसेल. आता मोजा बाबा, फिल्टरमधून पाणी किती जातं ते मोजा. पण हा माणूस हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातातल्या बांगड्या मोजायचा. मराठी मंडळाच्या गणपतीत लोकांच्या ताटातले मोदक मोजायचा. एखादीला दिवस गेले असले की भर हॉलमध्ये, "किती वजन वाढलं गं?" का, तर मोजल्याने, बोलल्याने काहीही होत नाही हे लोकांना कळावं. लोकांना एवढंच कळायचं की यांना बोलवायचं नाही.

एका बारशाला तर त्यांनी कहर केला. पाळण्यातल्या बाळाच्या गालावर आईने काजळाची तीट लावली होती. काका वाकले, खिशातून पेपर नॅपकिन काढला, जिभेने ओला केला आणि तीट पुसून टाकली. "चांगलं गोरंगोमटं पोरगं आहे, कशाला शाईचा डाग पाडून राहिले?" बाळाची आई रडायलाच लागली. मी त्यांच्यासोबत आले होते, त्यांच्याच गाडीतून. सगळा हॉल माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्यांना वाढवलं आहे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं. पुढे इतक्यांदा वाटलं की धरणीनेच कंटाळून कान बंद केले असतील.

काकू मात्र त्यांच्या मागून फिरून सगळं सावरायच्या. त्यांच्या पर्समध्ये झिपलॉकच्या पिशवीत मीठ-मोहऱ्या असायच्या. कोपऱ्यात जाऊन हळूच बाळावरून ओवाळायच्या. घरी एकदा सुट्टीला आलेल्या नातवाची दृष्ट काढून मिरच्या गॅसवर टाकल्या, तर स्मोक अलार्म बोंबलायला लागला. काका जिन्यावरून ओरडत आले, "घ्या! सगळ्या गल्लीला कळलं, तुमच्या नातवाला दृष्ट लागली म्हणून!" काकू टॉवेलने धूर हाकत म्हणाल्या, "एवढा धूर, पण ठसका आला का कुणाला? लागलीच होती."

तर अशा या काकांना हंसांचं वेड होतं.

हंस म्हणजे इथले ट्रम्पेटर स्वान. अंगाने अवाढव्य, चोच काळी, आणि आवाज लग्नातल्या तुतारीवाल्याने घशाला शेक न देता फुंकल्यासारखा. मी एकदा 'बदकं' म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला गाडीत घालून तळ्यावर नेलं आणि सगळं सांगितलं. या राज्यात एके काळी यांतला एकही उरला नव्हता. पिसांसाठी, मांसासाठी, मारून मारून संपवले. मग कित्येक वर्षांनी लोकांनी दुसरीकडून अंडी आणली, उबवली, पिल्लं वाढवली, सोडली. आता पुन्हा तळ्यातळ्यावर जोड्या दिसतात. "पण दिसतात म्हणून भागत नाही ना," काका म्हणाले. "किती दिसतात? पिल्लं किती जगली? मोजायला नको?" ते मोजणारे स्वयंसेवक असतात. ज्याचं त्याचं एकेक तळं. त्यांच्या घराजवळच्या टाउनहाउसेसच्या मागे एक तळं होतं, कडेने पाणकणसांची दाटी. ते काकांचं.

हे सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की मी लगेच दर शनिवारी यायचं कबूल केलं. चूक झाली.

तळ्यावर काका गमबूट घालून येत. ऑगस्टमध्येसुद्धा डोक्यावर माकडटोपी. हातात नातवाची वाळूत खेळायची चाळणी, कारण मासे पकडणारे गळाला शिशाची वजनं लावतात, ती तुटून पाण्यात पडतात आणि हंसांच्या पोटात गेली की हंस विषबाधेने मरतात. तर काका काठावरचा चिखल चाळत बसत. सापडलेलं शिसं घेऊन गळवाल्यापाशी जात आणि त्याच्या नाकासमोर धरत, "सर, इज धिस युवर्स?" एकदा तर हंस पाणकणसांतून बाहेर येईनात म्हणून दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी अशी हाक मारली की कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आला. काका त्याला हंसाचं शास्त्र समजावू लागले, हाक परत मारून दाखवली. मी फोनमध्ये डोकं घालून शेजारच्या बाकावर बसले होते, ओळख नसल्यासारखी. पोलिसाने मला विचारलं, "मॅम, हे तुमच्यासोबत आहेत का?"

"ही माझी भाडेकरू आहे," काकांनी अभिमानाने सांगितलं.

पण मला खरं सांगायचंय ते पिल्लांचं. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं. आई पुढे, बाप मागे आणि मध्ये राखाडी पिल्लांची ओळ. मी मोजली, चार. काकांनी दुर्बीण लावली, ओठ हलवले आणि म्हणाले, "तीन."

"चार आहेत काका. ते बघा ना, शेवटचं मागे राहिलंय."

"तीन," ते म्हणाले आणि दुर्बीण मिटून गाडीकडे चालू लागले. एरवी वाद घालायला जागे व्हायचे आणि वाद घालूनच झोपायचे, असा हा माणूस. आज वाद न घालता निघाला. घरी येऊन त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरवर तीन भरले.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. एकाचा फरक हा आमच्याकडचा सगळ्यात जुना बग. मोजायला कुठून सुरुवात केली किंवा कुठे थांबलो, तिथे घोळ असतो. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम बघत राहिले. काका पहिलं, दुसरं, तिसरं अशी नजर नेत आणि शेवटच्या पिल्लापाशी आले की दुर्बीण खाली. दर वेळी. मला वाटलं, मोतीबिंदू. काकूंना ओट्यापाशी गाठून म्हटलं, "काकांचे डोळे दाखवून आणा. एक पिल्लू त्यांना दिसतच नाही."

काकू कणीक मळत होत्या. हसल्या. "डोळे चांगले आहेत गं त्यांचे. तू यायच्या आधी एका वर्षी पाच झाली होती. यांनी पाच मोजली, पाच लिहिली, मंडळात माईक घेऊन सांगितलं, पाच, पाच, पाच. पुढच्या शनिवारी गेलो तर नुसते आई-बाप. कासवांनी नेली, का आणखी काय झालं, देव जाणे. मोठमोठी कासवं आहेत ना त्या तळ्यात. तेव्हापासून हे एक ठेवतात मागे."

"म्हणजे? दृष्ट लागू नये म्हणून?" मी म्हटलं. "आपले काका?"

"हळू बोल! तू त्यांना काही विचारू नकोस हं. मेल्याहून मेल्यासारखं होईल त्यांना."

मी बेसमेंटमध्ये गेले आणि उशीत तोंड खुपसून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. अख्ख्या मिनेसोटाच्या पोळ्या मोजणारा माणूस, आणि हंसाचं शेवटचं पिल्लू मोजायला घाबरतो! हसून झाल्यावर मात्र कसंतरीच वाटलं. दुसऱ्याच्या घरात चुकून न ठोठावता दार उघडावं, तसं. विचारलं मी कधीच नाही.

आणि मग ते वर्ष आलं. थंडी उशिरापर्यंत रेंगाळली, तळ्याचं बर्फ उशिरा वितळलं, आणि त्या उन्हाळ्यात जोडीमागे एकच पिल्लू होतं. एकुलतं एक. काकांनी दुर्बीण लावली. पिल्लू आईच्या पंखाआडून बाहेर आलं, परत आत गेलं, परत बाहेर आलं. काका कितीतरी वेळ बघत होते. मी फोनवर फोटो काढले.

"चल," ते म्हणाले.

"किती लिहिणार काका?"

ते गमबुटातला चिखल झटकत राहिले. "शून्य," म्हणाले. माझ्याकडे बघितलंच नाही.

एकातून एक गेला की शून्य, हे मला शाळेपासून माहीत आहे. पण त्या दिवशी ते ऐकून अंगावर काटा आला. तरी मी गप्प बसले. म्हटलं, एवढ्या मोठ्या राज्यातलं एक पिल्लू, कुणाला काय फरक पडतो?

फरक पडला. विणीच्या काळात त्या तळ्यात बोटी आणायला बंदी होती, ती हंसांची पिल्लं असतात म्हणून. टाउनहाउसवाल्यांना कधीपासून कयाकच्या छोट्या होड्यांसाठी धक्का हवा होता, तोही नेमका पाणकणसांत, घरट्याच्या जागी. त्या हिवाळ्यात त्यांनी पार्कच्या कमिटीकडे अर्ज केला आणि काकांचाच आकडा पुढे केला. या वर्षी पिल्लं शून्य. जोडी म्हातारी झाली असेल. मग तळं कुणासाठी बंद ठेवायचं? मोजणीचं काम बघणाऱ्या लिंडाने काकांना ईमेल करून हे कळवलं. फार दुःख होतंय, असंही लिहिलं.

काका दोन दिवस जेवले नाहीत. काकूंनी नाना परीने समजावलं. "सांगा ना, चुकून राहिलं म्हणून. पाणकणसांत लपलं होतं म्हणा."

"चुकून राहिलं नाही ते," काका म्हणाले. मी जिन्यात उभी होते, तेही त्यांना माहीत होतं. "चुकून राहिलं असतं तर लाज कशाची होती? मला माहीत आहे ना, कासवं खातात. मोजण्याशी काय संबंध? काही नाही. हे माहीत असून मी लपवलं. जन्मभर लोकांना शहाणपण शिकवून राहिलो, आणि आपण काय केलं?" एवढं बोलून ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. बराच वेळ नळ वाहत होता.

कमिटीच्या मीटिंगला ते सूट-टाय घालून आले. मी मागच्या रांगेत बसले, काकू शेजारी. देवाशपथ सांगते, मी एकच प्रार्थना करत होते की यांनी आज तमाशा करू नये. त्यांचं नाव पुकारलं. ते माईकपाशी गेले आणि आपल्या नागपुरी इंग्लिशमध्ये म्हणाले, "मी चुकीचा आकडा दिला. शून्य नव्हतं. एक होतं."

लिंडा फार चांगली बाई. तिने लगेच हात दिला. "पाणकणसं दाट आहेत तिथे. दिसलं नसेल तुम्हाला. होतं असं."

घ्या हो काका, मी मनात म्हटलं. घ्या आणि खाली बसा.

"नाही. दिसलं होतं," काका म्हणाले. "मी लिहिलं नाही. दर वर्षी मी एक कमी लिहितो."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "का?"

"मला भीती वाटली."

"कसली भीती?"

काकांनी दोन्ही हातांनी माईकचा दांडा धरला होता. "ऑफ माय ओन आय, मॅडम."

कुणालाच कळलं नाही. डोळ्यांचा आजार आहे का, असं एकाने सहानुभूतीने विचारलं. काका म्हणाले, डोळे चांगले आहेत. मग त्यांनी मागे वळून पाहिलं आणि मला मराठीत म्हणाले, "बाई, तू सांग यांना. मले शब्द नाही सापडून राहिला."

मी उभी राहिले. आपल्याकडे तो एक शब्द आहे, दृष्ट. सांगलीत उच्चारला तर समोरचा नुसती मान हलवतो. त्याचं इंग्लिश करायला गेले तर भलंमोठं खुळं वाक्य झालं: यांना असं वाटतं की आपण सगळी पिल्लं कौतुकाने मोजली तर ती मरतात, म्हणून हे एक सोडून देतात. मी एकही शब्द बदलला नाही. मागून कुणीतरी फसकन हसलं. काका टायची गाठ चाचपत खाली बघत उभे होते. एवढ्या वर्षांत मला त्यांची लाज शंभरदा वाटली असेल. पण ती माझी होती, मला माझ्या इभ्रतीची पडली होती. त्यांना लाज वाटताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते मला बघवेना.

आता प्रश्न असा होता की खोटा आकडा देणाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? मग मी फोन काढला. आईच्या पंखाशेजारी राखाडी पिल्लू स्पष्ट दिसत होतं, फोटोवर तारीख होती. फोन हातोहात पुढे गेला. धक्का बांधायचा नाही, तळं बंदच ठेवायचं असं ठरलं.

आणि काकांचं नाव मोजणीतून कमी झालं. लिंडा स्वतः घरी आली होती, बनाना ब्रेड घेऊन. म्हणाली, राग नाही, पण त्या तळ्याचे तुमचे सगळ्या वर्षांचे आकडे आता आम्हाला वापरता येणार नाहीत. काका म्हणाले, "बरोबर आहे. मीही नसते वापरले." तिला गाडीपर्यंत सोडायला गेले, बर्फावरून पाय घसरू नये म्हणून तिला हात दिला.

मंडळात ही गोष्ट पोचायला कितीसा वेळ? पुढच्या कार्यक्रमात एकजण जेवताना ओरडला, "काका, माझ्या पुऱ्या मोजायच्या राहिल्या की!" हशा पिकला. काका कसनुसं हसले आणि ताटात बघून जेवत राहिले. त्यांनी कुणाचं काही मोजलं नाही, कुणाला वजन विचारलं नाही. एका बाळाच्या गालावर तीट होती, त्याच्या गालाला बोटही न लावता पुढे गेले. या माणसाने चारचौघांत तोंड मिटून बसावं म्हणून मी किती नवस केले असतील! आणि आता ते बसले होते, तर मला हात धुवायच्या निमित्ताने उठून बाहेर जावं लागलं. त्या पुऱ्यावाल्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही.

पुढच्या वर्षी घर विकून काका-काकू फ्रीमाँटला लेकीकडे राहायला गेले. तिकडे टाउनहाउस, फ्रीवे आणि दोन नातवंडं, तळं नाही. मी अजून याच भागात आहे. लिंडाने ते तळं मला दिलं. दर उन्हाळ्यात काकांचा फोन येतो. पाणी किती आहे, पाणकणसं छाटली का, गळवाले येतात का, कासवं दिसतात का, नर अजून डाव्या पायाने लंगडतो का, सगळं विचारतात. पिल्लं किती, हे मात्र विचारत नाहीत. मीही सांगत नव्हते. त्यांच्या जखमेवर मीठ कशाला, म्हणून.

या वेळी मला राहवलं नाही. जोडी यंदा नवी आहे, तरुण आहे. मी बोलून गेले, "काका, पाच आहेत."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"पाचही मोजली?"

"हो. पाचच लिहिली."

"शाब्बास," ते म्हणाले. "असंच पाहिजे. मोजायचं आणि लिहायचं." मग हळूच म्हणाले, "बाई, पुढच्या शनिवारी जाशील ना परत?"

"जाईन ना."

"जा. पण मले फोन नको करू."

मी त्यांना हसले नाही. या गोष्टीला नऊ दिवस झाले. मधे तो शनिवार होता. मी सकाळी उठून डबा भरला, गाडीत बसले आणि इंडियन ग्रोसरीला जाऊन आले. मी शिकलेली बाई, कॉम्प्युटरवर काम करणारी, दृष्टबिष्ट काही मानत नाही. लाज वाटते सांगायला, पण तळ्यावर मी अजून गेलेले नाही.